आईच्या मनगटावरचा दिवा

त्या काळात कुपवाडच्या बायका भेटल्या की 'दात आले का', 'पाऊल टाकतो का' असलं काही विचारत नसत. 'हिरवा झाला का?' एवढंच विचारत. मूल शी-सू सांगण्याइतकं तयार झालं, की त्याच्या ओटीपोटावर चिकटवलेल्या पट्टीतला बारीक दिवा तांबड्याचा हिरवा व्हायचा. ज्या घरी तो लवकर व्हायचा, तिथले लोक पेढे वाटायचे. लेकरानं लघवी धरून ठेवली म्हणून गोड खाणारी माणसं याआधी पृथ्वीवर झाली असतील असं वाटत नाही.

पद्मजा मगदूमच्या लेकाचा, आर्जवचा, दिवा दिवाळीतच हिरवा झाला. तरी पेढे काही वाटले गेले नाहीत. कारण पट्ट्या दोन होत्या. एक मुलाच्या पोटावर आणि दुसरी आईच्या मनगटावर. पद्मजाच्या मनगटावरचा दिवा तांबडा होता तो तांबडाच राहिला.

पद्मजा गळती पकडणारी बाई होती. औद्योगिक वसाहतीतल्या एका कारखान्यात हायड्रोजनवर चालणाऱ्या बसच्या टाक्यांसाठी झडपा बनत, आणि बाहेर पडण्याआधी त्या तिच्या टेबलावरून जात. तिनं 'जाऊ दे' म्हटलेली झडप पुढं कुठं गळली असं कधी झालं नव्हतं. आर्जवच्या वेळी तिनं लांब रजा घेतली होती. आता कारखान्यानं नवा तपासणी विभाग काढला होता आणि त्याची प्रमुख म्हणून तिचं नाव पक्कं झालं होतं. गुढीपाडव्यानंतर रुजू व्हायचं होतं. त्यासाठी आर्जवला वसाहतीच्या बालसदनात जागा मिळायला हवी होती, आणि दोन्ही दिवे हिरवे दिसल्याशिवाय बालसदन मूल आत घेत नसे. जागा मिळाली नाही तर विभाग दुसऱ्या कुणाकडे गेला असता, आणि पद्मजाला तो दुसऱ्या कुणाला द्यायचा नव्हता. आर्जवलाही कुणाच्या गळ्यात मारायचं नव्हतं. खालच्या मजल्यावर राहणाऱ्या थोरल्या जाऊबाईंच्या मांडीवर स्वतःचंच तान्हं होतं.

ही जोडपट्टी म्हणजे काही जादूटोणा नव्हता. तान्ह्या बाळाचं मूत्राशय भरलं की त्याचा निरोप पाठीच्या कण्यापर्यंत जातो आणि तिथूनच 'सोड' असा हुकूम परत येतो. मेंदूला सहसा कुणी विचारत नाही. पुढं मज्जातंतूंची वाट पक्की होत जाते, निरोप वरपर्यंत पोचायला लागतो आणि एके दिवशी वरून 'थांब' असं उत्तर येतं. मूल खेळता खेळता मध्येच थबकतं, पाय आवळतं, ते याच उत्तरामुळं. पट्टी पोटात ध्वनिलहरी सोडून मूत्राशय किती भरलंय ते बघायची आणि खालच्या स्नायूंतली बारीक वीज मोजून 'थांब' येतोय का ते टिपायची. तो नेमानं यायला लागला की दिवा हिरवा.

इथवर सगळं छान होतं, घोडं अडलं ते पुढं. हिरवा दिवा लागलेली कितीतरी मुलं भांड्यावर बसायची, कोरडी उठायची आणि पडद्यामागं जाऊन चड्डीत करायची. संशोधकांनी मग आयांची नाडी, हाताचा घाम आणि आवाजातला ताण मोजून मुलांच्या आलेखाशेजारी ठेवला. आईचा आवाज ताणला की मुलाची खालची झडप आवळत होती. 'थांब' म्हणायला शरीर आपोआप शिकतं, पण 'सोड' म्हणायला लेकराला निर्धास्त वाटावं लागतं. म्हणून आईलाही पट्टी आली, आणि कुणी मुलांना दटावून भांड्यावर बसवू नये म्हणून बालसदनांनी दोन दिव्यांचा नियम केला. नियम मायेपोटीच झाला होता. त्याची दहशत आयाच घेतील हे करणाऱ्यांच्या ध्यानात आलं नाही. बापांना पट्टी का नाही, हेही त्यांच्या ध्यानात आलं नाही.

पद्मजानं ही मोहीम कारखान्यातल्यासारखीच हाती घेतली. वाचण्यासारखं होतं ते सगळं वाचलं. मूल स्वतः चड्डी खाली ओढतं का, सांगितलेलं समजतं का, बराच वेळ कोरडं राहतं का, हे सगळं बघून घेतलं. रागवायचं नाही, बक्षिसाची लालूच दाखवायची नाही, हेही पाठ होतं. पट्टीबरोबर फोनवर एक मंजुळ आवाजाची बाई यायची. ती आईला दोन प्रकारचे प्रश्न विचारायची, एक माहितीचे आणि एक मनाचे. माहितीत पद्मजा पहिली आली. मग बाईनं विचारलं, मूल चुकलं तर तुम्हाला कसं वाटतं? पद्मजा म्हणाली, काहीच वाटत नाही, शिकण्याचाच भाग आहे तो. उत्तर पुस्तकाबरहुकूम होतं. फक्त ते देताना तिचं मनगट तांबडं झालं, आणि बाईनं मंजुळपणे प्रश्न पुन्हा विचारला.

आर्जव भांड्यावर बसला की पद्मजा समोर स्टुलावर बसायची. तोंडावर हसू आणि एक डोळा मनगटावर. दिवा तांबडा दिसला की ती मनातल्या मनात स्वतःला दटावायची, पद्मजा, शांत हो. त्यानं तो आणखी तांबडा व्हायचा. आर्जव तिच्याकडं बघायचा आणि म्हणायचा, "आई, तिकडं बघ." ती 'बरं रे राजा' म्हणून मान वळवायची आणि लगेच परत फिरवायची. लाजतोय पोरगा, असं तिला वाटायचं. मग तो कोरडाच उठायचा आणि पडद्यामागं जायचा.

संक्रांतीनंतर आर्जवनं पडद्यामागं जाणंही सोडलं. तो शी धरून ठेवायला लागला. शी आली की पाय तिढून टेबलाला धरून उभा राहायचा, घामेघूम व्हायचा, आणि कळ ओसरली की खेळायला पळायचा. पोट दगडासारखं झालं. शेवटी झाली तेव्हा रक्ताचा ठिपका दिसला आणि तो असा रडला की पद्मजाचा जीव गोळा झाला.

मिरजेच्या डॉक्टर शाहीन मुजावर लहान मुलांच्या होत्या आणि मोठ्यांशी कडक होत्या. त्यांनी शी मऊ करायचं औषध दिलं आणि दोन्ही पट्ट्यांचे आलेख पडद्यावर एकाखाली एक लावले. वरची रेघ उसळली की मागोमाग खालची उसळत होती.

"ही वरची तुमची," त्या म्हणाल्या. "माहितीत तुमच्या काहीच कमी नाही मॅडम. मुलगाही तयार आहे. तयार नाही आहात त्या तुम्ही."

पद्मजाच्या तळपायाची आग मस्तकात गेली. ज्या बाईनं सगळं केलं ती तयार नाही? मग तयार व्हायला मी काय करू, असं तिनं विचारलं. काही न करता शेजारी बसा, असं उत्तर मिळालं. पद्मजाला आयुष्यात कुणी सांगितलेलं हे सगळ्यात अवघड काम होतं.

घरी येईपर्यंत तिचा निश्चय झाला होता. पाडवा जवळ येत होता. मन बदलायला वेळ नव्हता, तर मनगट बदलायचं. पट्टी आधी सन्मतीच्या, म्हणजे नवऱ्याच्या, हाताला चिकटवली. सन्मती स्वभावानं गार माणूस. घर पेटलं तर आधी चहा घेईल असा. पण समोर क्रिकेटचा सामना लागला होता. विकेट पडली की दिवा तांबडा, चौकार गेला की तांबडा. आर्जव बिचारा त्या आरड्याओरड्यानं भांड्यावरून उठून पलंगाखाली गेला.

मग तिनं राजमती वहिनींना वर बोलावलं. या थोरल्या जाऊबाई. माहितीच्या नावानं वहिनींकडं आनंदीआनंद होता. त्यांच्या मते पोरगं शी धरतं ते मामावर गेलेलं असतं, आणि पोरांना तिसऱ्या महिन्यापासून शिकवलं नाही तर ती जन्मभर तशीच राहतात. फोनवरच्या बाईनं त्यांना नापासच केलं असतं. पण मनाचा विषय निघाला की वहिनी पहिल्या नंबरच्या. त्यांच्या मांडीवर कुणी काही केलं तर त्या बोलता बोलता साडीचा पदर पिळायच्या आणि वाक्य पुरं करायच्या.

"माझ्या हाताला काय लावायलीस?" वहिनींनी विचारलं.

"काही नाही वहिनी. इथं दारात बसा आणि बोलत राहा."

"एवढंच व्हय? ते जमंल की," म्हणून त्या न्हाणीघराच्या दारात पाटावर बसल्या. त्यांनी पाय लांब केले, तान्ह्या रिद्धीला उचलून दोन्ही पावलांच्या मध्ये बसवलं, तिची पाठ आपल्या नडग्यांना टेकवली आणि 'शूऽऽ' करत शेजारच्या लग्नात आपल्या नवऱ्याच्या चपला कशा हरवल्या ते सांगायला लागल्या. मोठे दीर नवऱ्या मुलाच्याच मोजड्या घालून घरी आले होते. पद्मजाला हसू आवरेना. मनगट मोकळं होतं, बघायला काहीच नव्हतं, ती नुसती हसत बसली. आर्जव भांड्यावर बसून रिद्धीकडं टक लावून बघत होता. बघता बघता त्याला सू झाली. वहिनींच्या मनगटावर हिरवा दिवा लागला, फोनवरच्या बाईनं मंजुळपणे 'आई'चं अभिनंदन केलं, आणि संध्याकाळी बालसदनाकडून निरोप आला की प्रवेश पक्का, फक्त एकदा समक्ष येऊन दाखवायचं.

प्रवेश मिळाला होता, पण शी अजून होत नव्हती. दोनेक दिवसांनी दुपारी आर्जव पुन्हा टेबलाला धरून उभा राहिला. पट्टी वहिनींकडंच राहिली होती. पद्मजा त्याला उचलून न्हाणीघरात घेऊन गेली, पण भांडं बघून त्यानं अंग ताठ केलं. ती थकली होती. भिंतीला टेकून खाली बसली आणि पाय पसरले. आर्जव क्षणभर तसाच उभा राहिला. मग स्वतःच चड्डी खाली केली, तिच्याकडं पाठ केली आणि तिच्या पावलांवर बसला.

"रिद्धीसारखं," तो म्हणाला.

तीन वर्षांचा घोडा आईच्या पावलांवर मावत नव्हता. त्याच्या वजनानं तिच्या घोट्यांना कळ लागली. तिला फक्त त्याच्या डोक्यातला भोवरा दिसत होता, आणि त्याला समोरची भिंत. तो काय करतोय ते तिला दिसत नव्हतं आणि तिचं तोंड कसं झालंय ते त्याला दिसत नव्हतं. थोड्या वेळानं तिच्या पावलांवर ऊनऊन काहीतरी पडलं. आर्जव न रडता म्हणाला, "झालं."

पद्मजानं त्याला धुतलं, पाय धुतले आणि मग तिथंच बसून रडून घेतलं. आनंद तर होताच. पण इतके दिवस पोरगं तिकडं बघ, तिकडं बघ म्हणून सांगत होतं, आणि आपण ते लाजेवर घालवलं, याची लाजही होती. नव्या पोरांना ती कारखान्यात पहिल्या दिवशीच सांगायची, आवळून गळती थांबत नसते, आवळून झडपेची बैठक बिघडते. तेच तिनं घरी केलं होतं.

रडून झाल्यावर तिच्यातली तपासणी करणारी बाई जागी झाली. वहिनींकडून पट्टी आणून तिनं स्वतःच्या मनगटाला लावली. आर्जवला सू आली तेव्हा ती त्याच्याशेजारी बसली आणि दिव्याकडं बघितलं. तांबडा, आणि पोरगं कोरडं उठलं. पुढच्या वेळी मनगटावर रुमाल बांधला आणि भिंतीकडं तोंड करून त्याला चपलांची गोष्ट सांगितली. झाली. नंतर फोनवर आलेख उघडला, तर रुमालाखाली दिवा सगळा वेळ हिरवा होता. तिनं हे पुन्हा पुन्हा करून बघितलं. रुमाल असला की हिरवा, काढला की तांबडा. पट्टी खोटी नव्हती आणि आईही वाईट नव्हती. खोट एवढीच होती की मोजमाप ज्याचं घ्यायचं त्याच्याच डोळ्यांसमोर काटा ठेवला होता.

समक्ष जायचा दिवस आला तेव्हा सन्मतीनं तोडगा काढला. धडधड कमी करणारी गोळी मिळते, एक घेऊन जा, मनगट गार राहील आणि काम होऊन जाईल. तो चुकीचं काही बोलत नव्हता, कुपवाडच्या निम्म्या आया तेच करत होत्या. पण पद्मजाला एक जुनी गोष्ट आठवली. झडप नापास होतेय म्हणून दाबाचा काटाच बदलणाऱ्या एका माणसाला तिनं कारखान्यातून घरी पाठवलं होतं. त्यानं आपल्या मुलांची शपथ घेतली होती तरी ती विरघळली नव्हती. आणि पट्टी वहिनींच्या हाताला लावून तिनं दुसरं काय केलं होतं? ती सन्मतीला म्हणाली, गोळी नको. खरं सांगणार आणि जागाही घेणार.

"खरं सांगितलंस तर जागा जाईल," सन्मती म्हणाला.

"मग भांडून घेईन. तू आर्जवचे बूट घाल."

बालसदनाच्या प्रमुख कोठावळे मॅडम खोलीत वाट बघत होत्या. बाहेरच्या बाकावर आया रांगेनं बसल्या होत्या. प्रत्येकीचं पोर मांडीवर आणि नजर मनगटावर. पद्मजा आत गेली आणि खुर्चीवर बसायच्या आधीच तिनं सांगून टाकलं, तुमच्याकडं आलेला हिरवा दिवा माझा नव्हता, माझ्या जाऊबाईंचा होता. कोठावळे मॅडमनी चष्मा काढला. असं करणाऱ्यांचा प्रवेश रद्द होतो, हे त्यांनी शांतपणे सांगितलं. पद्मजानं मान डोलावली आणि फोन त्यांच्यापुढं सरकवला. रुमाल बांधलेले आलेख एकीकडं, न बांधलेले दुसरीकडं.

मॅडमनी ते बराच वेळ बघितले. मग म्हणाल्या की आईला दिवा दिसावा म्हणूनच तर तो दिलाय. दिसला की ती सावरते.

"सावरत नाही मॅडम, घाबरते," पद्मजा म्हणाली. "मी रोज झडपांना काटे लावते. काटा लावल्यानं आतला दाबच बदलायला लागला, तर मी झडप नापास करत नाही, काट्याची जागा बदलते. माझी चूक झाली, ती मी कबूल केली. आता तुमचा काटा माझ्या डोळ्यांपुढून हलवा आणि मग माझी परीक्षा घ्या. नापास झाले तर मी एक शब्द बोलणार नाही."

नियमात तसं नाही, असं मॅडम म्हणाल्या. नियमात नको म्हणूनही नाही, असं पद्मजा म्हणाली आणि हलली नाही. तिचं मनगट तांबडं पेटलं होतं, ते दोघींनाही दिसत होतं. मॅडमनी त्या दिव्याकडं बघितलं, मग बाहेरच्या बाकाकडं बघितलं. त्यांनी स्वतःचा रुमाल काढून पद्मजाच्या मनगटावर बांधला आणि आलेखाचा पडदा आपल्याकडं फिरवून घेतला.

आर्जव नव्या भांड्यावर बसला. जागा परकी होती, बाई परकी होती. त्यानं आईकडं बघितलं. पद्मजानं त्यानं काही म्हणायच्या आत खुर्ची उचलली आणि भिंतीकडं तोंड करून बसली. भिंतीवर हत्तीचं चित्र होतं. काकांच्या चपला कशा हरवल्या, ते तिनं हत्तीला सांगायला सुरुवात केली. आवाज पहिल्यांदा जरा कापला. मोजड्यांपर्यंत येईतो सरळ झाला. काका मोजड्या घालून निघाले तेव्हा मागं धार लागल्याचा आवाज आला, आणि तिनं गोष्ट न थांबवता काकांना घरापर्यंत पोचवलं.

"झालं," आर्जव म्हणाला. "आता इकडं बघ."

ती वळली तेव्हा कोठावळे मॅडम पडद्याकडंच बघत होत्या. दिव्याचा रंग त्यांनी सांगितला नाही. सोमवारी सकाळी मुलाला घेऊन या, दोन जादा चड्ड्या आणा, एवढंच म्हणाल्या. जाऊबाईंचं प्रकरण वर कळवावं लागेल, हेही म्हणाल्या. पद्मजानं 'कळवा' म्हटलं. रुमाल परत द्यायला लागली, तर त्यांनी हातानंच राहू दे अशी खूण केली.

बाहेर बाकाच्या टोकाला एक कोवळी मुलगी बसली होती. मांडीवरचं पोर वळवळत होतं आणि ही तांबड्या दिव्याकडं बघत ओठांतल्या ओठांत स्वतःला काहीतरी समजावत होती. पद्मजा तिच्यापाशी थांबली. विचारलं नाही, पुसलं नाही. आपल्या हातावरचा रुमाल सोडला आणि तिच्या मनगटावर दोन वेढे देऊन घट्ट बांधला.

"बघू नकोस," ती म्हणाली. "आत गेलीस की भिंतीकडं तोंड करून बस. हत्ती आहे तिथं, त्याच्याशी बोल."

दारात उभ्या असलेल्या कोठावळे मॅडमनी ते पाहिलं. त्यांनी रुमाल सोडायला सांगितलं नाही. पुढचं नाव पुकारलं, आणि ती मुलगी पोराला कडेवर घेऊन उठली.